नेलाच्या रायफलला नवी नळी

टेयनिसने रायफलची नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून आतून बघितली आणि काही न बोलता माखीलच्या हातात दिली. बंदुका दुरुस्त करणारा माणूस बोलायचा थांबला की समजावं, दुखणं मोठं आहे.

माखीलनेही नळीतून बघितलं. खरं तर बघायची गरज नव्हती, त्याला दोन वर्षांपासून माहीत होतं. काडतूस बसतं तिथून पुढची वीतभर नळी आतून जळली होती. आटलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा बारीक भेगा पडल्या होत्या, आणि गोळीला फिरकी देणारे आटे झिजत झिजत चार मिलिमीटर पुढे सरकले होते.

"काका, ही गेली," टेयनिस म्हणाला. "बार किती झाले असतील? हजार?"

"अकराशे चाळीस."

"मग ह्या नळीने बरंच सोसलं म्हणायचं."

रायफल माखीलची नव्हती, नेलाची होती. नेला म्हणजे त्याची शेजारीण. आता कारूत, दक्षिण आफ्रिकेतल्या ह्या उजाड माळरानात, शेजार म्हणजे काय, तर बेचाळीस किलोमीटर रस्ता आणि अकरा फाटकं. बत्तीस वर्षांपूर्वी माखील आणि नेलाचा नवरा लोरेन्स एकाच हिवाळ्यात तालुक्याला गेले आणि दोघांनी एकाच जातीच्या दोन रायफली आणल्या, दोनशे वीस स्विफ्टच्या. एकाच मापाचं काडतूस घेण्यात शहाणपण होतं. साचे एक, गोळ्या एक, एकाकडचं संपलं तर दुसऱ्याकडचं चालतं. काडतुसं माखील भरायचा, कारण लोरेन्सला एवढा धीर कुठला. लोरेन्स चार वर्षांपूर्वी गेला. रायफल नेलाने उचलली आणि बघता बघता दोघा पुरुषांपेक्षा बरी चालवायला लागली. काडतुसं मात्र माखीलच भरत राहिला.

स्विफ्ट ही चीज काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पुंगळी थोराड, गोळी चिमुकली आणि बंदुकीची दारू ठासून भरलेली. गोळी सेकंदाला बाराशे मीटर जाते. तीनशे पावलांवर कोल्हा उभा असला तर दुर्बिणीतली रेघ त्याच्या खांद्यावर ठेवायची आणि चाप ओढायचा, एवढंच. किती वर धरू, हा प्रश्नच येत नाही. आमच्या सपाट माळावर, जिथे कोल्हा माणसाला दोन मैलांवरून ओळखतो, तिथे ह्यासारखं सुख नाही. पण त्या सुखाने नळी जळते. हजार-बाराशे बारांत तिचा निकाल लागतो. आणि स्विफ्टची पितळी पुंगळी आता दुकानात मिळत नाही. बाहेरून कधी आल्याच तर आल्या, नाहीतर जुन्याच तापवून, ताणून, कापून पुन्हा पुन्हा भरायच्या. आणि पुंगळीच्या बुडाशी बसून दारूला ठिणगी देणाऱ्या टोप्या तर गेलं वर्षभर कुणाकडेच नव्हत्या.

टेयनिसच्या मांडणीवर दोन नव्या नळ्या होत्या. एक स्विफ्टची, कुणीतरी मागवून न्यायला न आलेली. दुसरी तीनशे आठची, म्हणजे वेगळ्याच, जाड गोळीच्या काडतुसाची. मधला मार्ग म्हणून दोनशे त्रेचाळीस होती, पण त्या नळीसाठी सहा महिने थांबावं लागलं असतं आणि हा एप्रिल होता, ऑगस्टात कोकरं यायची होती.

टेयनिसने सरळ सांगितलं. तीनशे आठची गोळी जड आणि संथ, तीनशे पावलांवर वीतभर खाली येते, तेव्हा जरा अंदाज लागतो. पण ती नळी पाच हजार बार जाते, नेलाबाईंना जन्मभर पुरेल. काडतुसं गावातल्या शेतकरी संघाच्या दुकानात खताच्या पोत्यांशेजारी मिळतात. भरायची भानगड नाही, मोजायची नाही, कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

"त्यांच्या जागी माझी आई असती तर मी तीनशे आठच लावली असती," टेयनिस म्हणाला. "पण काका, तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, माखील म्हणेल ते."

माखील म्हणाला, विचार करून फोन करतो. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, हे त्याला तिथेच, त्या काउंटरपाशी कळलं होतं.

घरी परतायला अडीच तास लागले. बक्कीत, आमच्याकडच्या उघड्या पाठीच्या गाडीत, शेजारी कुणी असलं की फाटकाशी तो उतरतो, उघडतो, गाडी गेली की लावतो. एकट्या माणसाने उतरायचं, उघडायचं, चढायचं, गाडी पुढे घ्यायची, पुन्हा उतरायचं, लावायचं, पुन्हा चढायचं. माखीलच्या बायकोने सोळा वर्षांपूर्वी त्याला सोडलं आणि केपटाउनला बहिणीकडे गेली, तेव्हापासून तो फाटकं अशीच उघडत होता. मुलगी परदेशात. नाताळला फोन यायचा. आता रडगाणं गायचा त्याचा स्वभाव नव्हता. विचारलं तर म्हणायचा, मेंढ्या आहेत, पवनचक्की आहे, दिवस जातो.

दिवस जायचा हे खरं. पण महिना कशावर जायचा, तर पहिल्या गुरुवारावर. त्या दिवशी तो पन्नास घरांच्या पिवळ्या डब्यात महिन्याची दहा-पंधरा काडतुसं घेऊन नेलाकडे जायचा. ती कॉफी करायची, घरचे कडक टोस्ट ठेवायची. तो पुंगळ्यांच्या गळ्याबद्दल सांगायचा, ती कोल्ह्यांबद्दल सांगायची. दुसरा कप झाला की तो घड्याळ बघायचा आणि टोपी उचलायचा, कारण बाईमाणसाच्या घरी, लोरेन्सच्या माघारी, तिसऱ्या कपापर्यंत बसायचं कसं. परत येताना मागच्या सीटवर रिकाम्या पुंगळ्यांचा डबा खुळखुळायचा. त्या धुवायच्या, कापायच्या, भरायच्या, की आला पुढचा गुरुवार. असं चार वर्षं चाललं होतं, आणि त्याच्या आयुष्यात दुसरं काहीही नव्हतं. हे त्याने स्वतःशीही कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

त्या रात्री जेवणाच्या टेबलाशी बसून त्याने पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने पाडले. एका बाजूला स्विफ्ट, एका बाजूला तीनशे आठ. स्विफ्टखाली लिहिलं, सपाट जाते. लाथ कमी मारते. मग पेन्सिल चावत बसला. तीनशे आठखाली लिहिता लिहिता कागद संपत आला. नळी टिकते. काडतुसं मिळतात. टोप्यांची काळजी नाही. वाऱ्यात ठाम. आणि शेवटी, मला काही झालं तरी तिचं अडणार नाही. ते शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं. अडणार नाही म्हणजे माझी गरजच नाही, असा त्याचा अर्थ होत होता, आणि तो अर्थ त्याच्या छातीत रुतला.

सकाळी त्याने नेलाला फोन केला. म्हणाला, स्विफ्टच लाव. तुझा हात तिच्यावर बसलाय. आणि कॅलिबर बदललं की पोलिसांकडे परवान्याचे कागद नव्याने, त्यांना महिने लागतील, कोकरं काही थांबणार नाहीत. ह्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी सगळं मिळून शुद्ध खोटं होतं.

"मला वाटलं तू दुसरं म्हणशील," ती म्हणाली. "टेयनिस म्हणत होता, तीनशे आठ सोयीची पडेल. तुझेही कष्ट वाचतील."

"कष्ट कसले त्यात."

"बरं. तुला कळतं."

नवी नळी बसली. माखीलने तिच्या मापाची वीस काडतुसं भरली, दोघांनी नेलाच्या बंधाऱ्यापाशी बार काढले, आणि शंभर पावलांवर पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा बसल्या. नेला हसली. माखीलला ते हसू आठवडाभर पुरलं. टोचणी होतीच, पण सुखात असलेला माणूस टोचणीला पाट मांडून देतो, पंगतीला बसवतो आणि वाढत नाही.

आता चूक कशी झाली ते ऐका. काडतुसं भरणाऱ्यालाच अशी चूक करता येते, इतर कुणाला साधायची नाही.

जुन्या नळीचे आटे जसजसे पुढे पळत गेले, तसतशी माखील गोळी पुंगळीतून थोडी थोडी बाहेर बसवत गेला, म्हणजे ती आट्यांना जाऊन टेकेल आणि नेम सुटणार नाही. चार वर्षांत काडतूस चांगलं लांब झालं होतं. नव्या नळीचे आटे जवळ. तिला आखूड काडतूस हवं. पण जुन्या मापाची पन्नास काडतुसं भरून तयार होती, आणि टोप्यांचा असा दुष्काळ असताना ती फेकतो कोण? दाबयंत्रात घालून प्रत्येक गोळी आत ढकलली की झालं. अर्ध्या तासाचं काम.

जुलैतल्या पहिल्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी तो ते करायला बसला. तीस झाली असतील, तेवढ्यात फोन वाजला. नेला होती. उद्या जरा लवकर येतोस का, म्हणाली, दुधाचा टार्ट केलाय, एकटीला संपणार नाही. एवढंच. पण लवकर ये असं ती चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाली होती. माखील फोन ठेवून परत आला तो शीळ घालत. राहिलेली वीस काडतुसं डब्यातच उभी होती, गोळ्यांची टोकं वर. तीही झालीत असं त्याला वाटलं. जो माणूस आयुष्यभर एकेक काडतूस कॅलिपरने मोजत आला, त्याने त्या दिवशी झाकण लावलं आणि उद्यासाठी इस्त्रीचा शर्ट काढायला गेला.

ऑगस्टात कोकरं आली आणि त्यांच्यामागोमाग कोल्हा आला. कोल्हीण असावी, पिल्लांवाली. नेला रोज पहाटे टेकाडामागे शिट्टी घेऊन बसायची. शिट्टीतून जखमी सशाचा आवाज काढायचा आणि वाट बघायची. पहिल्या खेपेला नळी गरम करायला, मग दोन कोल्ह्यांवर, मग एका दगडावर अशी तिची काडतुसं जात राहिली आणि सगळी बरोबर गेली. एका मंगळवारी कडक दव पडलेलं असताना ती कोल्हीण आली. अडीचशे पावलं, कुशी समोर करून उभी. नेलाने काडतूस आत ढकलायला बोल्ट पुढे सारला. तो शेवटपर्यंत जाईना. तिने तळव्याने दाबला. मग मागे ओढला, तर पुंगळी एकटीच बाहेर आली, गोळी नळीत अडकून राहिली आणि दारू रायफलच्या पोटात सांडली. त्या खटपटीचा आवाज कोल्हिणीने ऐकला, नेलाकडे सरळ बघितलं आणि गेली. एकदा फसलेली कोल्हीण पुन्हा त्या शिट्टीला येत नाही, हे आमच्याकडे कुणालाही विचारा.

नेलाने माखीलला फोन लावला. माखील पलीकडच्या कुरणात पवनचक्की उतरवत होता, दोन दिवस तिथेच पालात राहिला होता, आणि तिथे फोनला रेंज नाही. गुरुवारी दुपारी घरी आला तेव्हा सहा निरोप होते. सहाव्या निरोपात ती फक्त म्हणत होती, "माखील, नऊ गेली."

त्याने अकरा फाटकं उघडली, लावली की नाही ते त्याला आठवलं नाही.

कोकरं कुंपणाशी ओळीने ठेवली होती, पोतं पांघरून. नेलाचा म्हातारा मेंढपाळ आपोल्स तिथे उभा होता, त्याने टोपी काढली आणि निघून गेला. नेला ओसरीवर बसली होती, रायफल मांडीवर. माखीलने ती घेतली, पितळी सळई तोंडाकडून घातली आणि हलक्या हाताने ठोकून गोळी मागे पाडली. मग डब्यातलं एक काडतूस उचलून कॅलिपर लावला. वाचायची गरजच नव्हती.

"वीस जुन्या मापाची राहिली," तो म्हणाला. "मी मोजली नाहीत."

नेलाने मान हलवली. ती रडलेली होती, आता रडत नव्हती. म्हणाली, चूक कुणाची होत नाही? बत्तीस वर्षांत तुझी एक चूक, लोरेन्सच्या तर रोज व्हायच्या. आणि मीच त्या संध्याकाळी फोन केला, टार्टचं निमित्त करून, तुझं लक्ष मीच काढलं. ती आत गेली आणि कॉफी घेऊन आली. त्याच्या कपात नेहमीसारखी दीड चमचा साखर होती.

इथे माखीलला गप्प बसता आलं असतं. माफी मिळाली होती, कॉफीही मिळाली होती, पुढचा गुरुवारही शाबूत होता. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता, आणि मी त्याला नावं ठेवली नसती. पण ती स्वतःवर दोष घेत होती, ते त्याच्याने बघवेना. कॉफीचा कप त्याने तोंडाला न लावताच हातात धरला.

"चूक ती नाही," तो म्हणाला. "चूक एप्रिलमधली आहे. तुला तीनशे आठ लावायला हवी होती. मला तेव्हाही माहीत होतं. टेयनिसच्या दुकानातच कळलं होतं. दुकानातलं काडतूस असतं तर ते अडकलं नसतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

माखीलने कप खाली ठेवला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, हात गुडघ्यांवर ठेवून शाळेतल्यासारखा बसला होता. "तीनशे आठ लावली असतीस तर मला इथे यायला कारण राहिलं नसतं."

नेलाला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि मग तिचा चेहरा लाल झाला. लाजेने नाही, संतापाने.

"म्हणजे माझी नऊ कोकरं तू तुझ्या दोन कप कॉफीच्या तराजूत घातलीस."

"हो."

"हो काय, हो. तू मला माणूस समजतोस की काय समजतोस?" तिचा आवाज चढला. "ऐक, मी तीनशे आठ का म्हणत होते. मला वाटायचं, ह्या बिचाऱ्याने लोरेन्सला काही शब्द दिला असेल, त्यापायी हा दर महिन्याला एवढं अंतर तुडवतो. दोन कप होत नाहीत तर घड्याळ बघतो. मला ओशाळं व्हायचं. म्हटलं, ह्याला एकदाचं मोकळं करावं. म्हणून विचारलं होतं टेयनिसला."

घड्याळ तो का बघायचा हे सांगायला माखीलने तोंड उघडलं आणि मिटलं.

"तीनशे आठच बसवणार आता," ती म्हणाली. "परवान्याला किती का महिने लागेनात. तोवर त्या वीस काडतुसांचं काय ते कर, आणि मोजून आण. आज मला तुझा राग आलाय माखील, आज तू जा. पण पहिल्या गुरुवारी ये. तीनशे आठ बसल्यावरही येत जा. डबा आणू नकोस, पुंगळ्या नेऊ नकोस. रिकाम्या हाताने ये."

तो उठला. टोपी हातात घेऊन पायरीपर्यंत गेला, तिथे थांबला आणि वळला. त्याला खरोखरची भीती वाटली होती, आणि ती त्याने लपवली नाही.

"मग बोलायचं कशाबद्दल?"

नेलाने ओसरीच्या कठड्याला हात टेकला. ती कुंपणाकडे बघत होती, पोत्याखालच्या ओळीकडे.

"ते मलाही माहीत नाही," ती म्हणाली, आणि त्याचा भरलेला कप उचलून आत गेली.